थांबवले, सोडले की तोडले?

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जालना जिल्ह्यातील तालुकेही त्या यादीत होते. त्यानंतर काही दिवसांनी जिल्ह्यातल्याच एका कार्यालयाच्या व्हरांड्यात प्रस्तुत लेखक आपल्या कामासाठी बसला होता. समोरच्या फलकावर दुष्काळी सवलतींचा कागद चिकटवलेला होता आणि अंबडकडचे एक वयोवृद्ध शेतकरी बोट फिरवीत तो वाचत होते. अक्षर न् अक्षर त्यांना वाचता येत होते. अडचण वाचण्याची नव्हती. ‘जमीन महसुलात सूट’, ‘सहकारी कर्जाचे पुनर्गठन’, ‘शेतीशी निगडित कर्जवसुलीस स्थगिती’, ‘कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट’, ‘परीक्षा शुल्कात माफी’, ‘रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता’ असे एकामागून एक कलम वाचून ते वळले आणि म्हणाले, “गुरुजी, तेवढं सांगा. कर्जाचं थांबवलं, का सोडलं?”

हा प्रश्न त्यांनी आधी खिडकीवरच्या कारकुनालाही विचारला होता. तो बिचारा सज्जन होता. पण ‘स्थगिती म्हणजे स्थगिती’ यापलीकडे त्याला काही सांगता आले नव्हते. कागद वरून आला होता, शब्द वरून आले होते, आणि अर्थ मात्र वाटेत कुठे तरी राहून गेला होता. वसुली थांबली याचा अर्थ कर्ज फिटले असा होत नाही, व्याज थांबले असाही होत नाही. पुढल्या मोसमात तोच आकडा वाढून दारात उभा राहू शकतो. “बाबा, थांबवलंय, सोडलं नाही,” असे सांगितल्यावर ते एवढेच म्हणाले, “मग तसंच लिव्हायचं की.”

त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात जो दोष दाखवला, तो आपल्या कार्यालयीन मराठीचा जुना दोष आहे. कमी करणे, आखूड करणे, थांबवणे, वगळणे, काढून टाकणे या निरनिराळ्या क्रिया आहेत. त्यांचे परिणाम निरनिराळे आहेत. परंतु इंग्रजीतून मराठीत येताना त्यांची सरमिसळ होते, आणि ज्याचे काही कापले गेले त्यालाच काय कापले गेले हे कळत नाही.

घोड्याचे शेपूट

इंग्रजीकडे या बाबतीत शब्दांची मोठी आयुधशाळा आहे. ‘कर्टेल’ हा शब्द घ्या. तो ज्या जुन्या ‘कर्टल’ शब्दावरून आला, त्याचा अर्थ शेपूट छाटलेला घोडा असा होता. त्याच्याही मागे फ्रेंच भाषेतील ‘आखूड’ या अर्थाचा शब्द आहे. पगारातून पैसे कापण्यासाठी इंग्रज ‘डॉक’ हे क्रियापद वापरतात, तेही मूळचे जनावराच्या शेपटीचेच. शेपूट छाटल्याने जनावर मरत नाही, ओझे ओढायचे थांबत नाही. फक्त त्याला अंगावरची माशी हाकलता येत नाही. पगार कापलेल्या कारकुनाच्या स्थितीचे याहून नेमके वर्णन कोणते असणार? पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही.

‘अब्रिज’ या शब्दाचे मूळ ‘थोडके करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आपले विद्यार्थी समजतात तसा त्याचा पुलाशी संबंध नाही. ‘ट्रंकेट’मध्ये झाडाचे बोडके खोड आहे. ‘रिट्रेंच’मध्ये छाटून टाकणे आहे. ‘रिड्यूस’ हा तर मूळचा ‘परत नेणे’. म्हणूनच गणितात अपूर्णांक संक्षिप्त रूपात आणला तरी त्याची किंमत बदलत नाही, आणि रसायनशास्त्रात ज्याला आपण ‘क्षपण’ म्हणतो त्या क्रियेत खनिजातून प्राणवायू काढून घेऊन धातू त्याच्या मूळ रूपाकडे परत नेला जातो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगाराबरोबर जे स्पंज आयर्न वितळवले जाते, ते याच क्रियेतून तयार झालेले असते. म्हणजे ‘रिडक्शन’ प्रत्येक वेळी नुकसानच असते असे नाही. वजनात कमी झालेले लोखंड उपयोगात वाढलेले असते.

मराठी या बाबतीत गरीब आहे असे कोणी समजू नये. छाटणे, कातरणे, खुडणे, तोडणे, गाळणे, वगळणे, आवरते घेणे, आटोपणे, आटवणे, उणे करणे असे घरचे शब्द विपुल आहेत. दूध आटवले की बासुंदी होते आणि विहीर आटली की टँकर लावावा लागतो. एकाच धातूच्या या दोन रूपांत आपल्या जिल्ह्याचा सण आणि संकट दोन्ही सामावतात. त्यात फार्सी-अरबीची भर पडली. ‘कमी’ आणि ‘वजा’ हे शब्द तिकडचे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सतराव्या शतकात राजव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही हे शब्द टिकले, कारण ते बाजारात आणि बांधावर रुळले होते. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले. उर्दूत नोकरकपातीला ‘तख्फीफ’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ हलके करणे. हलका होतो सरकारचा खजिना, आणि जड होते ते ज्याचे नाव यादीतून गेले त्याचे घर. राज्यकर्त्यांची भाषा बदलली तरी कापणाऱ्याच्या सोयीने शब्द निवडण्याची पद्धत बदलली नाही.

जुन्या महसुली व्यवहाराने मात्र एक चांगली गोष्ट केली होती. ‘तहकुबी’ आणि ‘सूट’ यांत त्याने स्पष्ट भेद ठेवला. सारा तहकूब झाला म्हणजे पुढे भरावा लागणार. सारा सुटला म्हणजे सुटला. पाटील-कुलकर्ण्यांपासून कुळापर्यंत सर्वांना हा भेद ठाऊक होता, कारण त्यावर घरातले दाणे अवलंबून होते.

एकच गाठोडे

आज या सगळ्याचे एकच गाठोडे बांधून त्यावर ‘कपात’ अशी चिठ्ठी लावली जाते. वीजकपात, पाणीकपात, वेतनकपात, नोकरकपात, पाठ्यक्रमकपात. शब्द सुटसुटीत आहे, कापणे या अस्सल मराठी क्रियापदापासून झालेला आहे, त्याच्याशी आमचे वैर नाही. पण त्याच्या पोटात किती भिन्न गोष्टी कोंबल्या जातात ते पाहावे.

मुंबईत दहा टक्के पाणीकपात जाहीर होते, तेव्हा रोज येणाऱ्या पाण्यातला दहावा भाग कमी होतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहरात नळाला पाणी येण्यामधले अंतर आठवड्यांनी मोजावे लागत होते. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाचा आधार आटला होता आणि टँकरच्या मागे हंड्यांच्या रांगा लागत होत्या. या स्थितीलाही ‘पाणीकपात’ म्हणणे म्हणजे भाषेची थट्टा होती. कपात करायला आधी हातात काही असावे लागते.

कारखान्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये ज्या तरतुदी घातल्या गेल्या, त्यांनी ‘ले-ऑफ’ आणि ‘रिट्रेंचमेंट’ यांत रेघ ओढली. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही म्हणून मालक काम देऊ शकला नाही, तर तो ‘ले-ऑफ’; कामगाराचे नाव मस्टरवर राहते आणि पात्र कामगाराला निम्मे वेतन भरपाई म्हणून मिळते. ‘रिट्रेंचमेंट’मध्ये नोकरीच जाते, त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तिचे वेतन, आणि सेवेच्या पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, असे बंधन घातले गेले. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा भेद राखलेला आहे. आता लोखंडाच्या कारखान्यातील एखाद्या कामगाराला ‘कपातीत नाव आले’ एवढेच कळले, तर त्याने निम्म्या वेतनाची वाट पाहावी की नवी नोकरी शोधावी? दोन इंग्रजी शब्दांत कायद्याने ठेवलेले अंतर एका मराठी शब्दाने पुसून टाकले, तर त्यात नुकसान मराठीचे होते आणि कामगाराचेही.

याउलट विधिमंडळाच्या भाषेत ‘कपात’ शब्दाला नेमकेपणा आहे. लोकसभेच्या नियमांनुसार मागणीची रक्कम एक रुपयावर आणावी अशी सूचना आली, तर तिचा अर्थ खात्याचे धोरणच अमान्य आहे असा होतो. ठरावीक रकमेची कपात सुचवली, तर काटकसरीचा आग्रह. आणि शंभर रुपयांची कपात सुचवली, तर एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगणे. शब्द एकच, पण आकडा सांगून अर्थ बांधलेला. जे सभागृहाला जमते ते फलकाला का जमू नये?

मऊ शब्दांची सोय

सरमिसळ हा एक दोष झाला. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तो म्हणजे कठोर गोष्टीला मऊ शब्द शोधणे. इंग्रजीतील ‘लोडशेडिंग’ या शब्दात निदान ओझे टाकून दिल्याची कबुली आहे. मराठीत त्याचे ‘भारनियमन’ झाले. दोन हजार पाच सालानंतरच्या काही वर्षांत खेड्यांत बारा-बारा तास दिवा लागत नव्हता. दहावीच्या मुलांनी कंदिलाखाली अभ्यास केला, आणि शेतकरी रात्री दोन वाजता मोटार चालू करायला विंचू-काट्यातून गेले. या सगळ्याचे सरकारी नाव ‘नियमन’ होते. ज्यात नेम नव्हता त्याला नियमन म्हटले गेले.

शाळांकडे पाहा. पटसंख्या घटली की संचमान्यतेत पद कमी होते. पद कमी झाले असे कोणी म्हणत नाही. त्या पदावरचा माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो. वीस वर्षे ज्याने बाराखडी शिकवली तो एका कागदाने जास्तीचा झाला, आणि त्याला दुसऱ्या तालुक्यात पाठवणे म्हणजे ‘समायोजन’. घट घडली पदात. उणेपणा चिकटला माणसाला. २०२० च्या जुलैमध्ये राज्यातील शाळांचा पाठ्यक्रम २५ टक्के कमी करण्यात आला, तेव्हा शाळा बंद होत्या, निर्णय समजण्यासारखा होता, आणि ‘कमी केला’ असे सरळ सांगितलेही गेले. ते योग्यच झाले. इतरत्र मात्र असल्या वगळण्याला ‘सुसूत्रीकरण’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. धडा गाळला तर गाळला म्हणावे. सूत्र सापडले म्हणून गाळला असे भासवू नये.

नोकरवर्गाला दोन प्रसंग आठवत असतील. ३१ मार्च २०२० रोजी राज्यात लोकप्रतिनिधींच्या वेतनात ६० टक्के, अ आणि ब वर्गाच्या ५० टक्के आणि क वर्गाच्या २५ टक्के कपातीची घोषणा झाली. लगोलग खुलासा आला की ही कपात नव्हे, वेतन दोन टप्प्यांत दिले जाईल. एका शब्दाच्या चुकीने लाखो घरांत एक रात्र चिंतेत गेली. दुसरा प्रसंग उलटा आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२० पासूनचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते ‘गोठवले’. गोठलेले कधी तरी वितळते, असा सामान्य माणसाचा अनुभव आहे. जुलै २०२१ पासून भत्ता नव्या दराने सुरू झाला. पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. पहिल्या वेळी थांबवलेल्याला तोडले म्हटले गेले, दुसऱ्या वेळी तोडलेल्याला थांबवले म्हटले गेले. संकटाच्या काळात शासनाने हात आखडता घ्यावा याबद्दल वाद होऊ शकतो. पण काय केले ते नीट सांगावे, याबद्दल वाद होण्याचे कारण नाही.

हक्कांचा संकोच

पैसा आणि पाणी यांपुरता हा प्रश्न असता तर त्यावर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. भारतीय संविधानाचा अनुच्छेद १३ सांगतो की राज्याने मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा ‘अब्रिज’ करणारा कायदा करू नये. मराठी अनुवादात त्यासाठी ‘संकोच’ हा शब्द आला. पुस्तकाचा संक्षेप आणि हक्काचा संकोच, असा जो भेद इंग्रजीत एकाच शब्दात लपलेला आहे तो मराठीने उघड केला. अनुवादकांनी येथे विचार केला आहे हे मान्य केले पाहिजे. अडचण एवढीच की वर्गातल्या मुलाला संकोच म्हणजे लाजणे एवढेच ठाऊक असते. हक्क लाजतात ते कसे, असे त्याने विचारले तर शिक्षकाने हसण्यावारी न नेता थांबून सांगावे की बाळा, आकसून लहान होणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे.

आणि मग त्याला १९७५ सालचा इतिहासही सांगावा. २५ जूनला आणीबाणी आली. २७ जूनच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांतील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागणे ‘स्थगित’ झाले. हक्क थांबवला होता की तोडला होता? स्थानबद्धांच्या प्रकरणात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने दाद नाकारली. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत दिले. कागदावर ती स्थगिती होती. परंतु जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क स्थगित असताना जे दिवस कोठडीत गेले, ते नंतर कोणी परत देऊ शकत नाही. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद केली. काही गोष्टी अशा असतात की त्या थांबवणे हेच तोडणे असते, हे देश मोठी किंमत देऊन शिकला.

छाटणी आणि तोड

कापणे मुळात वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. खुद्द जालना जिल्हा एका कापण्यातून जन्मला. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परभणी जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातून तो वेगळा झाला. जुन्या जिल्ह्यांच्या दृष्टीने ती घट होती. जाफराबादच्या किंवा घनसावंगीच्या माणसाच्या दृष्टीने जिल्ह्याची कचेरी जवळ आली. म्हणजे कापले, यापुढे ‘कोणाचे’ आणि ‘कोणासाठी’ हे दोन प्रश्न जोडल्याशिवाय त्याचे मोल ठरत नाही.

२०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा वाळू लागल्या, तेव्हा अनेक बागवानांनी झाडांच्या फांद्या छाटल्या. पाने कमी झाली की झाडाची पाण्याची गरज कमी होते आणि खोड तग धरते, हा त्यामागचा हिशेब. ज्यांना तेवढेही पाणी मिळाले नाही, त्यांनी वर्षानुवर्षे वाढवलेल्या बागा तोडल्या. छाटणीच्या दिवशी आणि तोडीच्या दिवशी हातात कुऱ्हाड तीच असेल. पण बागवानाने एका शब्दाच्या जागी दुसरा कधी वापरला नाही. छाटणीत पुढल्या बहराची आशा होती. तोडीत ती नव्हती. शेतकऱ्याची भाषा त्याच्याशी खोटे बोलत नाही. बोलली तर त्याचे शेत बुडेल.

काय करता येईल

शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापन केले, १९६४ साली राजभाषा अधिनियम केला. पदनाम कोश आला तेव्हा त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा झाली, तरी त्यातले कितीतरी शब्द आज आपण सहज वापरतो. कोश करणाऱ्यांनी त्यांचे काम केले. राहिले आहे ते शब्द वापरणाऱ्यांचे काम. काही कमी करणाऱ्या प्रत्येक सूचनेत पाच गोष्टी असल्याच पाहिजेत, असा नियम करायला एक परिपत्रक पुरेसे आहे: काय कमी केले, किती कमी केले, कधीपासून कधीपर्यंत, कोणाच्या निर्णयाने, आणि ते परत मिळणार की नाही. ‘करण्यात आले आहे’ या कर्महीन, कर्ताहीन शेपटाला अशा सूचनांत जागा देऊ नये. घोड्याचे नको, या वाक्याचे शेपूट छाटावे.

परिपत्रकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाने ‘स्थगिती’ या शब्दापुढे ‘रक्कम नंतर भरावी लागेल’ हे चार शब्द लिहिले, तर त्याला कोणी मेमो देणार नाही. शिक्षकाने सारांशलेखन शिकवताना एवढे सांगावे की संक्षेपात मजकूर आखूड होतो, आशय नाही. आणि आशय गेला तर तो संक्षेप नव्हे, कापाकापी झाली. विद्यार्थ्याने इंग्रजी शब्दाचा अर्थ पाठ करताना त्याच्याशेजारी आपल्या आजोबांचा शब्द लिहून ठेवावा.

शब्दांनी पाणी येत नाही, कर्ज फिटत नाही, असे म्हणणारे भेटतील. ते खरे आहे. परंतु ‘स्थगिती’ला ‘माफी’ समजून निर्धास्त राहिलेल्या माणसाला दोन वर्षांनी व्याजासह नोटीस येते, तेव्हा शब्दाची किंमत रुपयांत मोजावी लागते. आणि ती किंमत शब्द लिहिणारा भरत नाही. अंबडकडच्या त्या बाबांनी सवलत वाढवून मागितली नव्हती, शासनाला दोष दिला नव्हता. थांबवले, सोडले की तोडले, एवढेच त्यांना विचारायचे होते. ज्या राज्याची भाषा मराठी आहे, त्या राज्याच्या फलकाने त्यांना एवढे उत्तर तरी मराठीत द्यावे.